मुलाच्या ऑटिझमचं निदान करून घेताना: मुंबईतल्या आईबाबांसाठी

आमचा मुलगा अडीच वर्षांचा असताना लोकलमधली घोषणा तिन्ही भाषांत, सुरासकट म्हणायचा. ‘पुढील स्टेशन, कांजूरमार्ग.’ मग हिंदी, मग इंग्रजी. शेजारीपाजारी कौतुक करायचे, आम्हीही नातेवाइकांना फोनवर ऐकवायचो. पण तहान लागली तर तो पाणी मागत नसे. माझं मनगट धरून मला फिल्टरपाशी नेऊन उभं करायचा आणि माझ्या तोंडाकडे न बघता तिथेच थांबायचा. या दोन गोष्टी एकाच वहीत शेजारी शेजारी लिहायला हव्या होत्या, हे मला वर्षभराने कळलं.

तो आता अकरा वर्षांचा आहे. मधल्या काळात भांडुप-मुलुंडकडच्या बऱ्याच आईबाबांसोबत मी ओपीडीच्या रांगेत उभी राहिले. प्रत्येकाचे प्रश्न तेच असतात: आधी कुठे जायचं, सोबत काय न्यायचं, आत काय विचारतात, रिपोर्ट कसा वाचायचा, पुढे कोणती कागदपत्रं करायची. मी डॉक्टर नाही. निदान डॉक्टरच करणार. पण तिथपर्यंत पोहोचण्याची वाट मला ठाऊक आहे, ती सांगते.

नावाबद्दल एक गोष्ट आधी. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द फारसा पटत नाही, कारण त्यातून मूल जगाकडे पाठ फिरवून बसलंय असं चित्र उभं राहतं. आमच्या मुलाला जग नको नव्हतं, उलट त्याला ते फार मोठ्याने ऐकू येत होतं. केसपेपरवर आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ऑटिझमच लिहिलेलं असतं, म्हणून मीही तेच वापरते.

शंका आली की

लक्षणांच्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात. माझ्या मते चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवल्या तरी पुरे. वर्षाचं मूल नावाने हाक मारली की बहुतेक वेळा वळून बघतं. त्याच सुमारास ते बोट दाखवायला लागतं. सोळा महिन्यांपर्यंत एखाददुसरा शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द ते स्वतःहून जोडतं. यातलं काही दिसत नसेल तर तपासणी करून घ्यायची. आणि येत असलेले शब्द, टाटा करणं, बघून हसणं असं काही जर गेलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे.

बोट दाखवण्यावर मी जास्त भर देते. मूल खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवतं आणि लगेच वळून आपल्या तोंडाकडे बघतं, ‘तूही बघितलास ना?’ असं विचारल्यासारखं. एका गोष्टीकडे दोघांनी मिळून बघणं आहे ते. बिस्किटाकडे हात करणं वेगळं आणि हे वेगळं. आमच्याकडे हे बोट नव्हतं, त्याच्या जागी माझं मनगट होतं.

घरातून काय ऐकायला मिळेल तेही सांगून ठेवते. मुलगे उशिराच बोलतात. त्याचे बाबा चार वर्षांचे होऊन बोलले. घरात मराठी, खाली मुलांत हिंदी, शाळेत इंग्रजी, म्हणून गोंधळतो. मोबाइल बंद करा, आपोआप बोलेल. यातल्या भाषेच्या मुद्द्यावर कोणाचंही ऐकून आपली मराठी सोडू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही, आणि मुंबईतली किती मुलं याच तीन भाषांत वाढून धडाधडा बोलतात. मोबाइल कमी करणं चांगलंच, जरूर करा. पण तो कमी करून दोन महिने बघू, मग डॉक्टरकडे जाऊ, असं करू नका. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू करता येतात.

मुली असतील तर आणखी सावध राहायला हवं. निदान झालेल्यांत मुलग्यांची संख्या मुलींच्या तीन-चार पट दिसते, पण बऱ्याच मुली इतर मुलींचं बघून बघून तसंच वागायला शिकतात. त्या ‘लाजाळू’ किंवा ‘शहाणी, शांत’ ठरतात आणि निदान बारा-चौदाव्या वर्षापर्यंत लांबतं.

आम्हाला पहिल्या डॉक्टरांनी तीन वर्षांपर्यंत वाट बघायला सांगितलं. आम्ही बघितली. ते आठ महिने मला आजही बोचतात. चूक आमची एवढीच की आम्ही ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलं होतं. त्या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी असं म्हणा: ‘डॉक्टर, मला याच्या वाढीची तपासणी करून घ्यायची आहे. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनसाठी चिठ्ठी द्या.’ म्हणजे मुलांच्या वाढीचे तज्ज्ञ डॉक्टर. चिठ्ठी नाही मिळाली तरी पालिकेच्या रुग्णालयात बालरोग ओपीडीत थेट जाता येतं.

मूल १६ ते ३० महिन्यांचं असेल तर ‘एम-चॅट-आर’ ही २० प्रश्नांची चाळणी डॉक्टर क्लिनिकमध्येच करून देऊ शकतात. उत्तरं हो किंवा नाही. बहुतेक प्रश्नांत ‘नाही’ हे काळजीचं उत्तर असतं, पण तीन प्रश्न उलटे आहेत, तिथे ‘हो’ काळजीचं: मूल बहिरं असेल अशी शंका कधी आली का, डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली करतं का, रोजच्या आवाजांनी बिथरतं का. आवाज म्हणजे आपल्याकडे मिक्सर आणि कुकरची शिट्टी समजा. काळजीच्या प्रत्येक उत्तराला एक गुण. दोनपर्यंत गुण आले तर धोका कमी मानतात. तीन ते सात आले तर डॉक्टर आणखी खोलात विचारतात. आठ किंवा जास्त असतील तर थेट पुढे पाठवतात. हे निदान नव्हे. गुण जास्त येऊनही ऑटिझम नसलेली मुलं असतात, आणि गुण कमी येऊनही तो असलेली.

आधी कान

हाक मारून न बघणारं मूल ऐकूच शकत नसेल, ही शक्यता सर्वांत आधी मिटवायची असते. ‘टीव्हीवरची जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येतं’ एवढ्यावर डॉक्टर थांबत नाहीत, आणि थांबू नये. त्यासाठी बेरा नावाची तपासणी असते. डोक्याला आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंतचा प्रतिसाद यंत्रावर उमटतो. दुखत काहीच नाही, पण मूल गाढ झोपलेलं लागतं. वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची ‘अली यावर जंग’ राष्ट्रीय संस्था आहे. ती १९८३पासून श्रवण आणि वाचेच्याच कामात आहे. मोठ्या पालिका रुग्णालयांतही ही तपासणी होते.

बेराच्या दिवशीची खरी लढाई झोपेची असते. आम्ही त्याला पहाटे पाचला उठवलं, सकाळभर खेळवत ठेवलं आणि ट्रेनमध्ये डोळा लागू नये म्हणून दारापाशी, वाऱ्यावर कडेवर घेऊन उभे राहिलो. तरी दादरला मान पडलीच. तिथे पोहोचल्यावर तो टक्क जागा. दुसऱ्या खेपेला टॅक्सीने गेलो, दुधाची बाटली आणि त्याची रोजची गोधडी सोबत नेली, आणि काम झालं. काही ठिकाणी झोपेचं औषध देतात. त्याआधी किती तास काही द्यायचं नाही हे आदल्या दिवशीच नीट विचारून घ्या.

वही आणि व्हिडिओ

या एका गोष्टीसाठी मी हा सगळा खटाटोप केला आहे. ऑटिझम रक्ताच्या चाचणीत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. फिट येत असतील तर डॉक्टर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, सांगतात, काही मुलांना जनुकीय तपासणी सांगतात, पण त्या दुसऱ्या गोष्टी शोधायला असतात. ऑटिझमचं निदान होतं ते मुलाकडे बघून आणि आईबाबांना विचारून. डॉक्टरांना मूल तासभर दिसतं, तेही नव्या खोलीत, नव्या खेळण्यांबरोबर. उरलेला सगळा पुरावा तुमच्याकडे आहे. तो विस्कळीत असेल तर निदान लांबतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

शंभर पानी वही घ्या आणि दोन-तीन आठवडे रोज लिहा. लिहिताना एकच पथ्य: विशेषण लिहायचं नाही, घडलेलं लिहायचं. ‘खूप हट्टी आहे’ यातून डॉक्टरांना काहीही कळत नाही. ‘दूध निळ्याच कपात लागतं. मंगळवारी निळा कप घासायला पडला होता म्हणून स्टीलच्या भांड्यात दिलं, तर ३५ मिनिटं जमिनीवर पडून रडला, कप धुऊन आणल्यावर लगेच शांत’ यातून कळतं. ‘मिसळत नाही’ असं लिहू नका. ‘सोसायटीच्या बागेत चार मुलं पकडापकडी खेळत होती. हा कडेने धावत होता, त्यांच्याच दिशेने, हसत होता, पण कोणी पकडायला आलं की थांबून कान झाकायचा’ असं लिहा. पहिल्या वाक्यात तुमचं मत आहे, दुसऱ्यात तुमचं मूल.

तारीख, वेळ, आधी काय झालं, मग त्याने काय केलं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. आणि ज्या गोष्टींचं कौतुक वाटतं त्याही लिहा. आमच्या घोषणांचं गाणं मी लिहिलं नव्हतं. स्पीच थेरपिस्टच्या खोलीत तो ते म्हणायला लागला तेव्हा त्यांनी पेन उचललं. ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणणं, याला इकोलेलिया म्हणतात आणि निदानात ते महत्त्वाचं असतं. पुढे कळलं की त्याला त्यात अर्थही होता. बाहेर जायचं असलं की तो ‘पुढील स्टेशन’ म्हणायचा.

वहीच्या मागच्या पानांवर जुनी हकिकत लिहून ठेवा: गरोदरपण, बाळंतपण किती आठवड्यांत, वजन, रडलं का, कावीळ, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवलं का, मान कधी धरली, कधी बसला, चालला, पहिला शब्द कोणता आणि कधी. हे सगळं विचारतातच. आठवत नसेल तर जुने फोटो आणि व्हिडिओ तारखेसकट फोनमध्ये असतात, पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ तर नक्कीच. तो बघा. केक कापताना मूल कोणाकडे बघतंय, हाक मारल्यावर काय करतंय, हे तिथे नोंदलेलं असतं. डॉक्टरांनाही तो दाखवा.

नवे व्हिडिओ काढताना त्याला ‘हे करून दाखव’ म्हणू नका. एक जेवताना, एक एकटा खेळताना, एक दुसऱ्या मुलांमध्ये, एक तुम्ही मागून नाव घेऊन हाक मारताना, आणि जमलं तर एक तो बिथरलेला असताना. प्रत्येकी एक-दोन मिनिटांचा. शेवटचा काढताना हात थरथरतो, मन खातं, मला माहीत आहे. पण तो एकदाच काढा. मग दर वेळी नव्या माणसापुढे शब्दांनी ते सगळं पुन्हा जगावं लागत नाही.

पाळणाघराच्या ताई किंवा बालवाडीच्या बाईंकडून अर्धं पान लिहून आणा. त्यांच्यापुढे एकाच वयाची वीस मुलं असतात, त्यामुळे फरक त्यांना आधी दिसतो. बऱ्याचदा त्या बोलायला कचरतात, पालकांना वाईट वाटेल म्हणून. तुम्ही आपणहून विचारा.

कुठे जायचं

निदान करू शकणारे लोक म्हणजे डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, बालमानसोपचारतज्ज्ञ, मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट आणि त्यांच्यासोबत काम करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नुसता थेरपिस्ट शंका व्यक्त करू शकतो, पण निदानावर त्याची एकट्याची सही चालत नाही.

परळला केईएम आणि त्याला लागूनच मुलांचं वाडिया, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर ही नावं आपल्याला घरातल्यासारखी आहेत. तिथे खर्च अगदी कमी येतो आणि बालरोग, मानसोपचार, कान-नाक-घसा हे विभाग एकाच आवारात सापडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातून सरकारी व्यवस्थेत ‘डीईआयसी’ ही मुलांसाठीची लवकर उपचार केंद्रं आली. ओपीडीच्या खिडकीवर हे नाव घेऊन विचारा. संस्थांमध्ये २००१ साली सुरू झालेलं ‘उम्मीद’ बालविकास केंद्र आहे. तिथे वाढीच्या अडचणींचं निदान आणि उपचार हेच मुख्य काम. शिवडीची ‘जय वकील’ संस्था १९४४पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते आणि ऑटिझम असलेली मुलंही तिथे असतात. पालकांनीच चालवलेला ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा मुंबईचा गट आहे. रांगेपेक्षा माणूस हवा असेल तेव्हा तिकडे जा.

सरकारी की खासगी, यावर माझं मत विचाराल तर दोन्हीकडे नाव नोंदवा. सरकारी ठिकाणी तपासण्या तुकड्या-तुकड्याने होतात, चार-पाच खेपा पडतात, पण पुढे प्रमाणपत्र लागतं तेव्हा तिथलीच कागदपत्रं कामी येतात. खासगी ठिकाणी वेळ लवकर मिळू शकते, पण पैसे भरण्याआधी फोनवरच विचारा: एकूण किती भेटी, सगळे मिळून किती पैसे, कोणत्या चाचण्या वापरता, लेखी रिपोर्ट मिळेल का, त्यावर कोणाची सही असेल. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक रिपोर्टवर असायला हवा. तो विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

आणि तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली तर हातावर हात धरून बसू नका. स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. बोलणं मागे आहे एवढं कारण पुरतं.

तपासणीच्या दिवशी

दक्षिणेकडे जायचं असेल तर लक्षात असू द्या की सायन आणि माहीमच्या पुढे रिक्षा येत नाही. ओपीडी सकाळी असते आणि तेव्हाच गाड्या तुडुंब. दमून, घाबरून पोहोचलेलं मूल बघून निदान करणं डॉक्टरांनाही अवघड जातं. जमलं तर एकाने आधी जाऊन केसपेपर काढून रांग धरावी आणि दुसऱ्याने मुलाला मागाहून आणावं. पिशवीत त्याचं रोजचं खाणं, पाणी, आवडती वस्तू, कपड्यांचा जोड, आणि आवाजाचा त्रास होत असेल तर कान झाकायचे हेडफोन. शिवाय लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचे कागद, बेराचा रिपोर्ट आणि वही.

आत दोन गोष्टी चालतात. मुलाशी खेळत त्याचं निरीक्षण, आणि तुमची मुलाखत. खेळ साधेच असतात: फुगे, बाहुलीला भरवणं, गाडी ढकलणं. ‘घरी तर करतो हो’ असं म्हणून मदतीला धावू नका. तो काय करत नाही हेही त्यांना बघायचं असतं. आम्ही दोघं आळीपाळीने पुढे सरकत होतो, तेव्हा तपासणाऱ्या मॅडमनी हळूच सांगितलं, ‘तुम्ही मागे टेकून बसा.’

भारतात सर्वांत जास्त भेटणारी मोजपट्टी म्हणजे ‘इसा’, ऑटिझम मोजण्याची भारतीय श्रेणी. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली आणि २००९ साली ती आली. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. सत्तरच्या खाली ऑटिझम धरत नाहीत. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. याशिवाय ‘कार्स’, ‘एडॉस’ किंवा भारतातच दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी बनवलेलं ‘आयएनडीटी’ अशी नावं कानावर पडतील. चाचणी कोणतीही असो, उत्तर देताना चांगल्यातला चांगला दिवस सांगू नका आणि वाईटातला वाईटही नको. ‘आठवड्यातून किती वेळा’ असा हिशोब सांगा. वही त्यासाठीच आहे. आईचं आणि बाबांचं उत्तर वेगळं आलं तर तिथे वाद घालू नका, दोन्ही सांगा. मूल दोघांपाशी खरोखरच वेगळं वागत असतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

त्या खोलीत तुम्हाला फारसं काही ऐकू येणार नाही. मला ‘स्पेक्ट्रम’ हा शब्द ऐकल्यावर पुढची दहा मिनिटं फक्त पंख्याचा आवाज आठवतो. म्हणून सोबत बहीण, भाऊ, मैत्रीण, कोणीतरी लिहून घेणारं असू द्या, आणि पंधरा दिवसांनी फक्त प्रश्न विचारण्यासाठी पुन्हा वेळ मागून घ्या.

रिपोर्टमध्ये स्तर १, २ किंवा ३ लिहिलेलं असू शकतं. हे मुलाचे मार्क नाहीत. आज त्याला किती आधार लागतो एवढंच त्यातून कळतं, आणि तो पुढे बदलू शकतो. २०१३ साली निदानाचे निकष बदलले तेव्हा अस्पर्जर वगैरे वेगळी नावं जाऊन सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच नावाखाली आलं. त्यामुळे जुनं वाचलेलं आणि नवा कागद जुळला नाही तर गोंधळू नका. लहान मुलाच्या कागदावर ‘ऑटिस्टिक फीचर्स’ (ऑटिझमची काही लक्षणं) किंवा ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ (एकूणच वाढ मागे) असं अर्धवट वाटणारं काही असेल, तर फेरतपासणी कधी करायची ती तारीख लिहूनच घ्या. बुद्धी, भाषा, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), झोप, फिट यांबद्दल काय दिसलं तेही स्वतंत्रपणे विचारा, कारण थेरपी त्यावर ठरते.

निदान पटलं नाही तर दुसरं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. दोन ठिकाणी तेच आलं की मात्र तिसरीकडे जाण्याचे पैसे थेरपीसाठी ठेवा. हे मी कळकळीने सांगते, कारण पाच-पाच रिपोर्ट करून थेरपी एकही सुरू न केलेली घरं मी पाहिली आहेत.

याच दिवसांत कोणीतरी तुम्हाला ‘पूर्ण बरं करतो’ म्हणून भेटेल. स्टेम सेलचं इंजेक्शन, शरीरातून धातू काढणारी औषधं, प्राणवायूची बंद खोली. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार करू नयेत असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने २०२२ साली स्पष्ट म्हटलं आहे. दागिने मोडून हे केलेले आईबाप मला माहीत आहेत. करू नका.

घरच्यांना सांगताना मी सासूबाईंना रिपोर्ट दिला नाही, वही वाचून दाखवली. त्यांनी त्यातल्या प्रत्येक ओळीला ‘हो, हे तर करतोच’ म्हटलं, आणि मग मी नाव सांगितलं. लशीमुळे झालं का, असं त्यांनी विचारलं. नाही. तसा दावा करणारा १९९८चा ब्रिटनमधला लेख खोटा ठरला आणि ज्या वैद्यकीय नियतकालिकाने छापला त्यानेच तो २०१०मध्ये मागे घेतला. तुझ्या नोकरीमुळे का, असं दुसऱ्या कोणीतरी विचारलं. तेही नाही. आईच्या वागण्याने ऑटिझम होत नाही. त्यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. ‘माझ्या वागण्याने झालेलं नाही’ हे वाक्य आईने एकदा स्वतःशी मोठ्याने म्हणावं.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ला लागू झाला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे आणि ऑटिझम त्यात आहे. १९९५च्या जुन्या कायद्यात तो नव्हता. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यांसाठी अर्ज ‘स्वावलंबन’ या सरकारी पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, पत्ता आणि निदानाची कागदपत्रं लागतात. जिल्हा निवडताना लक्ष द्या: मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. भांडुप, बोरिवली, चेंबूर उपनगरात येतात आणि दादर, परळ शहरात. नंतर ठरलेल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या मंडळापुढे जावं लागतं. तिथे इसा पुन्हा होते. खासगी रिपोर्ट जोडायला उपयोगी पडतो, पण दिव्यांगत्वाची टक्केवारी मंडळच देतं.

टक्केवारी ४० किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. पुढे परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे आणि तिच्यात थेरपीचा खर्चही येतो. मूल अठराचं झाल्यावर कायदेशीर पालकत्वाचा प्रश्न येतो, तोही याच न्यासाच्या कायद्याखाली सुटतो. प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असेल तर ती तारीख आजच कॅलेंडरवर टाका.

‘शिक्का बसेल’ या भीतीने प्रमाणपत्र न काढणारे खूप आहेत. ते वाटणं मला समजतं. आम्हीही दीड वर्ष थांबलो होतो. पण कागद घरात कपाटात ठेवता येतो. शाळेला कधी दाखवायचा ते तुम्हीच ठरवता.

मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखेच्या क्रमाने, आणि पाच झेरॉक्स संच तयार. मूळ कागद कोणाकडेही सोडून यायचं नाही.

मुलाच्या रिपोर्टमध्ये स्वतः दिसलात तर

हे बऱ्याच घरांत होतं. डॉक्टर मुलाबद्दल विचारत असतात आणि बाबा गप्प होत जातात. प्रौढांसाठीही रस्ता आहे: ऑटिझमची जाण असलेले मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. फोन करताना ‘प्रौढांचं निदान करता का’ हे आधी विचारा, कारण सगळे करत नाहीत. इंटरनेटवरची ५० प्रश्नांची ‘एक्यू’ चाचणी भरून नेली तर बोलायला सुरुवात होते, निदान मात्र तिच्यावर होत नाही. खूप जणांना आधी वर्षानुवर्षं चिंता किंवा नैराश्याची औषधं दिलेली असतात. ती सगळी कागदपत्रं न्या.

इथे अडचण लहानपणाची असते. लक्षणं बालपणापासून होती हे दिसावं लागतं, आणि चाळीस वर्षांपूर्वी कोणी व्हिडिओ काढलेले नसतात. म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं शोधा आणि आई, आत्या, मोठी ताई यांच्यापैकी कोणाला तरी सोबत न्या किंवा फोनवर जोडून द्या. माझ्या नवऱ्याची प्रगतिपुस्तकं राजापूरच्या घरी माळ्यावर निघाली. तिसरीच्या शेऱ्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘अभ्यासात हुशार. सुट्टीत एकटा घंटेजवळ उभा असतो.’ नवऱ्याच्या स्वतःच्या तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. त्याने स्वतःची शंभर पानी वही आणली आहे, आणि अर्धी भरली आहे.